अध्यक्षांचा प्रश्न धरत नाहीत

निवृत्त झाल्यापासून वर्षाकाठी तीन-चार चर्चासत्रांत एखाद्या सत्राचं अध्यक्षपद माझ्याकडे येतं. माझ्या विद्वत्तेची उशिरा का होईना दखल घेतली जाते आहे, असं मला आधी वाटायचं. मग एका संयोजकांनीच मोकळेपणाने सांगितलं की मी वेळेवर येते आणि सत्र उशिरा सुरू झालं तरी काही बोलत नाही. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर ही पात्रता हाती उरली.

दोन वर्षांपूर्वी येरवड्याच्या बाजूच्या एका कॉलेजात असंच एक दिवसाचं चर्चासत्र होतं. उपयोजित भाषाविज्ञान आणि इंग्रजीचं अध्यापन असा विषय. त्यातलं सूत्र असं की शिक्षकाने वर्गात कमी बोलावं आणि विद्यार्थ्याला बोलतं करावं. फलकावर सात मान्यवरांचे फोटो होते आणि हे सूत्र त्यांच्या खाली, फुलांच्या कुंड्यांमागे गेलं होतं.

पत्रिकेत उद्घाटन दहाला होतं. सव्वाअकराला दीपप्रज्वलन सुरू झालं. समईला पाच वाती आणि मान्यवर सात, त्यामुळे शेवटच्या दोघांनी पेटलेल्या वाती पुन्हा पेटवल्या. वात विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. ते पुढचा पाऊण तास कोणी चालू केले नाहीत, कारण पंख्यांची जबाबदारी ज्या समितीकडे होती ती समिती व्यासपीठावर सत्कार घेत होती.

चर्चासत्र आंतरराष्ट्रीय होतं. ते आंतरराष्ट्रीय ठरावं म्हणून प्राचार्यांच्या साडूंचा मुलगा परदेशातून पडद्यावर बोलणार होता. तो तिकडे संगणकाशी संबंधित काहीतरी शिकवतो. त्याने नमस्कार केला, मातृभाषेविषयी एक वाक्य म्हटलं आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर, तोंड उघडं असताना, पडद्यावर थिजला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई अनुभवी होत्या. त्या म्हणाल्या, "सर विचार करताहेत. आपण त्यांना थोडा वेळ देऊ या." आम्ही दिला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपूनही घेतलं. पाचेक मिनिटांनी टाळ्या झाल्या, आभार मानले गेले, आणि त्या उघड्या तोंडाच्या चेहऱ्याला स्मृतिचिन्ह दाखवण्यात आलं.

मग बीजभाषण. वक्ते नामांकित होते आणि त्यांचं म्हणणं असं होतं की शिक्षकाने तासाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ बोलूच नये. हे त्यांनी दीड तास सांगितलं. मध्ये एका तरुण मुलीने हात वर केला, तेव्हा प्रश्न शेवटी घेऊ असं ठरलं. शेवटी वेळ उरला नाही असं ठरलं. ती मुलगी हात खाली घेऊन पुन्हा मोबाइलकडे वळली. मला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही.

या सगळ्यामुळे शोधनिबंध वाचायला प्रत्येकी पंधरा मिनिटं होती ती आठ झाली आणि चहा संपेपर्यंत चार. प्रमाणपत्रांचं काम मात्र वेळेत चाललं होतं. आल्या आल्याच संयोजकांनी माझ्यापुढे कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा ठेवला होता. अमुक यांनी माझ्या अध्यक्षतेखाली निबंध सादर केला, असं त्यावर छापलेलं होतं, अमुकच्या जागी टिंबं होती. मी सह्या केल्या. सगळेच अध्यक्ष करतात. दुपारी सही मागायला लोक जेवणाच्या रांगेत येतात आणि वरण सांडतं.

अध्यक्षांना हल्ली शाल-श्रीफळाऐवजी रोप देतात. मी कुंडीतलं कोरफडीचं रोप छातीशी धरून चौथ्या मजल्यावरची खोली शोधत होते, तेव्हा जिन्यात एकाने ते माझ्या हातातून घेतलं. चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस. यवतमाळकडचा, पण पुण्यात येऊन बारा वर्षं झालेला. बिबवेवाडीतल्या एका कॉलेजात तो नऊ वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होता, म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने नेमणूक. माझ्याच सत्रात त्याचा निबंध होता.

"मॅडम, एक विनंती आहे जी," तो म्हणाला. मला वाटलं, जास्त वेळ मागेल. त्याने मागितलं ते वेगळंच.

सोमवारी त्याची मुलाखत होती. त्याच्याच कॉलेजात पूर्णवेळ जागा निघाली होती, बऱ्याच वर्षांनी, आणि यापुढे निघेल असं कोणी सांगत नव्हतं. मागच्या वेळी अशीच एक जागा दुसऱ्या कॉलेजात निघाली तेव्हा तो एका चर्चासत्राचं प्रमाणपत्र घेऊन गेला होता. त्या चर्चासत्रात वेळेअभावी सगळे निबंध 'वाचले असं समजण्यात' आले होते. मुलाखतीत एका तज्ज्ञांनी विचारलं, आपल्या निबंधावर काय चर्चा झाली? कोणी काय प्रश्न विचारला? हा खरं बोलणारा माणूस. म्हणाला, कोणी नाही. तिथेच मुलाखत संपली. खाली उतरताना त्याला कळलं की बाकीच्या उमेदवारांच्या निबंधांवर जोरदार चर्चा झाली होती, त्यातल्या दोघांचे निबंध तर त्याच दिवशी, त्याच चर्चासत्रात, 'समजण्यात' आले होते.

"या वेळी मले वाचायचं आहे आणि एक तरी प्रश्न यायला पाहिजे," तो म्हणाला. "एकच. पण तुम्ही नका विचारू."

मी थांबले. कोणीच काही विचारलं नाही तर अध्यक्षाने एखादा सौम्य प्रश्न टाकायचा, हा आमच्यातला जुना शिष्टाचार. मी तर तो पाठच करून ठेवला आहे: हे ग्रामीण वर्गाला लागू होईल का? कुठल्याही निबंधाला चालतो.

"का नको?"

"अध्यक्षांचा प्रश्न धरत नाहीत. मागच्या वेळी मुलाखतीत एका बाईने सांगितलं होतं, मले अध्यक्षांनी विचारलं. तर ते तज्ज्ञ म्हणाले, ते तर सौजन्य झालं."

त्यानेही तजवीज केली होती, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्या कॉलेजातला एक सहकारी श्रोत्यांत बसणार होता, त्याच्या खिशात चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून दिलेला होता. मोबदल्यात यानेही त्याला एक विचारायचा होता. अशा अदलाबदली सर्रास चालतात, आणि त्या सोडल्या तर आमच्या विषयातल्या निम्म्या चर्चा झाल्याच नसत्या. मी म्हटलं, मग काळजी कसली? तो म्हणाला, सहकाऱ्याला भूक लवकर लागते.

खोली बी.कॉम.च्या वर्गाची होती. फळ्यावर कोणाचा तरी ताळेबंद अर्धवट पुसलेला. एकूण तेरा माणसं. सहापैकी चार निबंधवाचक हजर होते. मला एक टेबलावरची घंटी दिली होती, हॉटेलात नोकराला बोलवायला असते तशी, आणि एक फॉर्म: सत्राचा वृत्तान्त, निबंधांची संख्या, विचारलेल्या प्रश्नांची संख्या, अध्यक्षांचा अभिप्राय.

पहिले दोन निबंध झाले. त्यांवर अदलाबदलीचे प्रश्न आले आणि अदलाबदलीची उत्तरं. तिसरे एक सदाशिव पेठी वळणाचे प्राध्यापक होते. त्यांचा निबंध मेट्रोतल्या सूचनांवर होता: दरवाजे डाव्या बाजूला उघडतील हे वाक्य प्रवाशाशी नेमकं कोणतं नातं जोडतं, असा काहीतरी. चार मिनिटांची घंटी मी वाजवली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चुकीच्या बाजूचा दरवाजा उघडला होता. दहाव्या मिनिटाला ते थांबले आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या आधीच्या बोलण्यावरून कळलं होतं की सबंध मजल्यावर चालू असलेला विजेचा एकच प्लग त्या बाकामागे होता आणि त्यात त्यांचा फोन लावलेला होता.

मग आमचा माणूस उभा राहिला. त्याने दोन वाक्यं वाचली असतील, तोच बाहेरच्या भोंग्यातून सूचना झाली. प्रमाणपत्रांचं वाटप जेवणाच्या मांडवातच सुरू झालं आहे. नंतर कोणत्याही परिस्थितीत दिलं जाणार नाही.

वर्ग इतक्या शिस्तीने रिकामा होताना मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नव्हता. बाक वाजले नाहीत, कोणी कोणाला ढकललं नाही. चिठ्ठीवाला सहकारी सर्वांत आधी उठला. दारातून त्याने मोठ्या आपुलकीची खूण केली: तुझंही घेऊन ठेवतो. प्रश्न त्याच्याबरोबर खाली गेला.

उरलो आम्ही तिघं. मी, तो, आणि फोन चार्ज करणारे प्राध्यापक. शिवाय दारात वर्गाची किल्ली घेऊन उभे असलेले कॉलेजचे मामा, म्हणजे शिपाई, साठीला टेकलेले.

तो वाचत राहिला. त्याचं इंग्रजी स्वच्छ होतं, घाई नव्हती. निबंध असा होता: त्याने एका सत्रभर आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न मोजले होते. मुलं बहुतेक मार्केट यार्डातली; कोणाचे वडील हमाल, कोणाचे टेम्पो चालवणारे, काही आडत्यांचीही. त्याने एक वही केली होती आणि रोज तासानंतर रकाने भरले होते. चार महिन्यांत तीन प्रश्न. त्यातला एक 'मे आय कम इन' हा. निष्कर्ष असा की या विद्यार्थ्यांमध्ये जिज्ञासेचा अभाव आहे, आणि तो दूर करण्यासाठी सात उपाय. निबंध चर्चासत्राच्या पुस्तकात छापूनही आला होता. ते पुस्तक सकाळीच आमच्या पिशव्यांत घातलेलं होतं. आमच्याकडे चर्चा व्हायच्या आधीच तिचं पुस्तक निघतं.

चार मिनिटं झाली. मी घंटी वाजवली नाही. सात मिनिटांनी तो थांबला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, प्रश्न असल्यास स्वागत आहे.

खालून फक्त ताटांचा आवाज येत होता. मी फॉर्मवरच्या 'प्रश्नांची संख्या' या चौकटीकडे पाहत होते. ग्रामीण वर्गाला लागू होईल का, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळायला मला खरंच कष्ट पडले. तो टेबलाच्या कडेला बोटं टेकवून उभा होता, माझ्याकडे मुद्दाम न बघता. आपण एखाद्याचं भलं करू शकतो आणि नेमकं तेच त्याच्या कामाचं नसतं, अशी वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही.

"झालं का?" मामांनी विचारलं. "कुलूप लावू?"

"थांबा हो मामा," तो म्हणाला. "चर्चा चालू आहे."

मामांनी वर्गभर नजर फिरवली, चर्चा कुठे आहे ते पाहिलं, आणि दाराजवळच्या बाकावर बसले.

आणखी मिनिटभर गेलं असेल. मग मागच्या बाकावरून आवाज आला, मराठीत. बहुधा प्राध्यापकांचं दिवसाचं इंग्रजी त्यांच्या स्वतःच्या निबंधात संपलं होतं.

"माझा फोन चौतीस टक्क्यांवर आहे. तोवर विचारतो. शंका आहे असं म्हणायची पद्धत आहे, पण शंका नाही, खोच आहे."

"विचारा ना सर," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता.

"हे तीन प्रश्न तुम्ही मोजलेत ते इंग्रजीतले. मराठीत चार महिने कोणी तोंडच उघडलं नाही?"

"उघडलं ना. पण तास इंग्रजीचा होता."

"मग ते कुठे मांडलेत?"

त्याने पिशवीतून वही काढली. उघडली. आणि रकान्यांवरून बोट खाली नेलं.

"'गोंधळ' या रकान्यात," तो म्हणाला.

"अहो, मग तुमची मुलं मुकी नाहीत," प्राध्यापक म्हणाले. "आपण बहिरे आहात."

मला वाटलं, हा आता कोसळेल. नऊ वर्षं, सोमवार, छापलेला निबंध, आणि वर हे. पण तो मान खाली घालून पानं उलटत होता. एक, दोन, मग पुन्हा मागे. गोंधळाचा रकाना काही केल्या संपेना.

"वाचा की," मामा म्हणाले.

तो वाचू लागला. सर, 'प्लीज' कोणाला म्हणायचं, गिऱ्हाइकाला का मालकाला? सर, इंग्रजीत शिवी दिली तर कमी लागते का? सर, या धड्यातला माणूस दिवसभर काम काय करतो? सर, साहेब लोक आपसात भांडतात तेव्हाही असंच बोलतात का? सर, तुमचं इंग्रजी इतकं चांगलं आहे तर तुम्ही इथे कसे? हा शेवटचा वाचून तो थांबला, आणि मग आम्ही चौघंही हसलो, सर्वांत आधी तो स्वतः.

"यावर उत्तर काय दिलंत?" प्राध्यापकांनी विचारलं.

"बाहेर काढलं त्याले," तो म्हणाला.

अर्धा तास आम्ही त्या वहीवर बोलत बसलो. प्राध्यापक फोन तारेसकट सोडून पुढच्या बाकावर आले. त्यांनी दोन नोंदींवर वाद घातला, एक रकाना चुकीचा आखला आहे असं दाखवून दिलं, आणि एकदाही कोणाचं कौतुक केलं नाही. एकतीस वर्षांत मी ज्या काही चर्चा ऐकल्या, त्यांत ही पहिली होती जिच्यात बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचं म्हणणं हवं होतं. ती संपली तेव्हा त्याने छापील पुस्तक उघडून आपल्या निष्कर्षावर पेनाने आडवी रेघ मारली.

"म्हणजे माझा पेपर चुकला आहे," तो म्हणाला. चेहरा असा, की पेढे वाटायला निघाला आहे.

मी फॉर्मवर प्रश्नांची संख्या एक लिहिली. कुलपाचा धरला नाही.

खाली जाताना मी त्याला व्यवहाराचं सांगितलं. सोमवारी एवढंच म्हणा की प्रश्न आला, चर्चा झाली. निष्कर्षावर रेघ मारलेलं पुस्तक दाखवू नका. माझ्याकडचं कोरं घेऊन जा. कोण वाचतं? तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पण ते विचारतील ना, काय प्रश्न आला म्हणून. तो सांगितला की पुढचं सांगावंच लागते, मॅडम."

मांडवात जेवण संपलं होतं. सहकाऱ्याने त्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवलं होतं, त्याच्यावर मसालेभाताचा डाग होता आणि माझी सकाळची सही.

सोमवारी मला काही सुचलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. मुलाखत झाली होती. पाच जण बसले होते. त्यांनी निबंधाबद्दल विचारलं. याने सगळं सांगितलं, प्रश्न, गोंधळाचा रकाना, आणि निबंध चुकला आहे हेही. मग एक तज्ज्ञ म्हणाले, इंग्रजीच्या तासाला मराठीत विचारलेला प्रश्न हा प्रश्न कसा? दुसऱ्या म्हणाल्या, मग काय तो गोंधळ? तिथून पंचवीस मिनिटं ते आपसातच बोलत होते. प्राचार्यांनी दोनदा चहा मागवला. याला पुढे कोणी काही विचारलंच नाही. मध्येच एकाने त्याच्या हातातली वही मागून घेतली आणि पाच जणांत ती फिरली.

"वही परत दिली का?" मी विचारलं.

"दिली ना. पण माझी पाळी संपली होती. त्यांनी जा म्हटलं. काही समजलं नाही जी, बरं झालं का वाईट."

मलाही समजलं नाही. मी त्याला धीर दिला. तो माझ्या अध्यक्षीय प्रश्नाइतकाच उपयोगाचा असावा.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. जागा त्याला मिळाली. आस्थापनेतल्या बाईंकडून त्याला आतली हकिगत कळली: बाकी सगळ्या उमेदवारांच्या निबंधांना भरघोस प्रतिसाद मिळाला होता, सर्वांची उत्तरं सारखीच, त्यामुळे दिवसाअखेर कोण कोणता हे कोणालाच आठवेना. दोन्ही तज्ज्ञ एकमेकांशी बोलत नव्हते. पण ज्याच्यावरून बोलणं बंद झालं, त्याचा चेहरा दोघांच्याही लक्षात होता.

नेमणुकीचं पत्र घेऊन तो माझ्या घरी आला. आंबाबर्फी आणली होती. बोलता बोलता म्हणाला की रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याला कॉलेजच्या चर्चासत्र समितीवर घेतलं आहे. पहिल्या बैठकीत त्याने सुचवलं, यंदा निबंध आणि प्रश्न सकाळीच घेऊ या, उद्घाटन आणि सत्कार दुपारी जेवणानंतर. प्राचार्य म्हणाले, सूचना फार मोलाची आहे, ती सर्वांपर्यंत पोहोचायला हवी.

"मग?"

"मग ती मांडायले मले उद्घाटनात पाच मिनिटं दिली आहेत," तो म्हणाला. "सत्कारांनंतर."